पाठीवर पडायचं काम

वस्ताद, तुम्ही मला पाठ वाचवायला शिकवलं होतं आणि या वर्षी मी पाठीवर पडायचं काम धरलं. तुम्हाला हे दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगून राहिलो. आठवीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा लिहिताना कुठं वाकडंतिकडं झालं तर चालवून घ्या. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं सध्या बधिर आहेत, पण लिहितो मी उजव्यानं, त्यामुळे अक्षराचा दोष बोटांवर टाकता येत नाही.

अंबाल्याच्या बाहेर हायवेला लागून टिनाची एक मोठी शेड आहे. आधी तिथं मिक्सरचे खोके ठेवत होते. आता मधोमध रिंग आहे, म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडाच्या फळ्या, फळ्यांवर पातळ फोम आणि वरून ताणून बांधलेली ताडपत्रीसारखी चादर. बाजूला आम्ही पोरं झोपतो, स्वयंपाकही तिथंच करतो. ट्रक भरून ही रिंग आम्ही गावोगाव नेतो, मेळ्यात, कॉलेजच्या ग्राउंडवर, कुठं नेत्याच्या वाढदिवसाला, आणि तिथं टीव्हीतल्यासारखी कुस्ती करून दाखवतो. चौकातल्या हॉटेलात आम्ही पोट्टे टीव्हीपुढे बसून जी रेसलिंग पाहायचो तीच. तुम्ही मंडीतून हमाली आटपून, अंगावर कापसाच्या रुईसकट आत यायचे आणि आम्हाला कानाला धरून उठवायचे. "हे कुस्ती नाही बे, सोंग आहे," म्हणायचे. "सोंगच पाहाचं असंन तं खडी गंमत पाहा लेकहो, तिच्यात गाणं तरी राह्यते." हॉटेलवाला हसायचा आणि तुम्हाला चहा द्यायचा. तुम्ही तो उभ्यानं प्यायचे, पण डोळे टीव्हीवरच असायचे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. एकदा तर तुम्ही म्हणाले होते, "त्यानं पाय चुकीचा टाकला." सोंगात पाय चुकीचा कसा पडला, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

तुम्ही गेल्यावर मी पांढुर्ण्यात फार राहिलो नाही. जिनिंगमध्ये गेलो, ते सोडलं. नागपुरात लग्नाच्या पंगतीत वाढपी झालो, ते सोडलं. सुरतला साड्यांच्या घड्या केल्या. कुठंही गेलो की सुरुवातीला बरं वाटते, मग एक दिवस सकाळी उठल्यावर पिशवी भराविशी वाटते. कारण विचाराल तर काहीच नसते. अंबाल्याला मिक्सरच्या गोदामात माल चढवायला आलो आणि शेजारच्या जिममध्ये या कंपनीच्या मालकानं माझी मान पाहिली. चेहरा त्यानं नंतर पाहिला. "पहलवानी की है?" मी म्हटलं, मिट्टी की. तो म्हणाला, "तो भूल जा. यहाँ गिरना सीखना पड़ता है."

मला वाटलं, पडायला काय शिकायचं. पण वस्ताद, या धंद्यात पहिलं शिकवतात ते तेच. हनुवटी छातीला लावायची, श्वास बाहेर टाकायचा, दोन्ही हात पसरून तळवे आपटायचे आणि सगळी पाठ एकाच वेळी खाली येऊ द्यायची. मार एका जागी न बसता सगळ्या अंगावर वाटला जातो. फळ्या वाजतात, लोकांना वाटते माणूस मेला, आणि माणूस उठून पाणी पितो. बाकीची पोरं आठवड्याभरात शिकली. त्यातलं एक पोरगं तर आधी मोबाईलचे कव्हर विकत होतं. मला जमेना. मालक ढकलायचा, मी मागे जायचो आणि खाली पोचायच्या आत माझं अंग आपोआप वळायचं. कुशीवर, गुडघ्यावर, कधी डोक्याचा पूल करून, पण पाठीवर नाही. मालक डोक्याला हात लावून म्हणायचा, "बिल्ली है क्या तू?"

त्याला काय सांगणार. मारुतीच्या देवळामागचा आपला कुस्तीचा हौद मला दिसायचा. आपल्याकडची जमीन काळी, म्हणून तुम्ही बाहेरून लाल माती आणवायचे, तिच्यात तेल, ताक, हळद घालायचे, आणि सकाळी आमच्याकडून ती उकरून घ्यायचे. मी पालथा पडलेलो आहे आणि तुम्ही माझ्या दोन खांद्यांच्या मधात तळवा दाबून बसलेले आहात. "हे जागा पाह्य. घर गेलं तं गेलं, वावर गेलं तं गेलं, पण इथं माती लागू देजो नोको." मग उताणा करायचे आणि म्हणायचे, वळ. पुन्हा उताणा करायचे, वळ. मी थकून रडायला लागलो की म्हणायचे, "रड, पण वळून रड." असं किती वेळा झालं असेल. हाडालाच पाठ झालं होतं ते, मला आता त्यात काही करायचं नव्हतं.

मोहगावच्या कुस्त्यांच्या दंगलीचा दिवसही आठवते. मला माझ्या वयाच्याच पोरानं ढाक मारून चीत केलं होतं. येताना टेम्पोत तुम्ही एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, हरलो म्हणून. घरी आल्यावर तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात नेलं. काकू बाहेरगावी होत्या, तुम्ही स्वतः पानगे लावले, वांग्याची भाजी केली, माझ्या ताटात तुमच्यापेक्षा जास्त तूप घातलं आणि मग म्हणाले, "हारण्याचं काही नाही. पण तू पडताना लोकाईकडे काऊन पाह्यलं?" मी म्हटलं, नाही पाहिलं. "पाह्यलं. मी पाहून राहिलो होतो ना. माणूस हारताना लोकाईकडे पाह्यला का त्याले पुन्हा पुन्हा हाराची सवय लागते." एवढं बोलून तुम्ही माझ्या पायातलं बोट ओढून पाहिलं, मुरगळलं होतं ते, आणि तेल लावून दिलं. त्या दिवसाची भाजी तिखट होती एवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

तुम्हाला पाठीवर पडलेलं मी एकदाच पाहिलं. तुमच्या अंगणात, तिरडीवर. त्याआधी कधीच नाही. दुपारी देवळाच्या ओट्यावर झोपायचे तेही कुशीवर. कावीळ झाली, आठवड्यात संपलं. सगळे रडून राहिले होते आणि मी तुमच्या खांद्यांकडे पाहून विचार करत होतो की यांना कोणीतरी वळवा. मी तेव्हा सोळा-सतराचा होतो. 

कंपनीत प्रत्येकाला एक सोंग देतात. मालकानं विचारलं, तुझ्या गावाला काय होते. मी म्हटलं, कापूस आणि संत्रं. कापसाचं त्याला काही सुचलं नाही. मला नारिंगी चड्डी आली, डोक्याला नारिंगी पट्टा आणि नाव आलं, संतरा पहलवान. बाजा वाजला की मी संत्र्याचा खोका खांद्यावर घेऊन येतो, लोकांमध्ये संत्री फेकतो आणि मग मार खातो. मारणारा बहुतेक दरोगा असतो. खाकी कपडे, हातात दंडुका, गालावर काजळानं काढलेल्या मिशा. सगळे त्याला शिव्या देतात. खऱ्यात तो दुधाचा धंदा सोडून आलेला माणूस आहे, रोज सकाळी पोरीला फोन करून ती दूध प्यायली का विचारतो.

मालकाच्या म्हणण्यानं हे कंपनीचं साल होतं, आणि खरंच त्यात बरंच काही झालं. होळीनंतर माझी पहिली कुस्ती झाली, एका मेळ्यात, आकाशपाळण्याच्या शेजारी. उन्हाळ्यात आमचा सगळ्यात जुना पहिलवान, ज्याच्याकडे जिंकणाऱ्याचा पितळी पत्र्याचा बेल्ट होता, तो निवृत्त झाला. त्यानं रिंगमध्ये बूट काढून ठेवले, माती असती तर कपाळाला लावली असती, इथं चादरीला हात लावला. लोक रडले. तोही रडला, कारण तसं ठरलं होतं, आणि शेडमध्ये येऊन त्यानं चार पराठे खाल्ले आणि सांगितलं की आता जेसीबी चालवणार. मग दुपारी तो ट्रकच्या मागे जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. त्याच्या शेवटच्या कुस्तीत बेल्ट दरोग्याला मिळाला. त्या कुस्तीचा व्हिडिओ खूप फिरला, त्याच्यामागे माझेही फिरले, आणि एक दिवस पांढुर्ण्यात शेजारच्या पोरीनं मायच्या हातात मोबाईल दिला.

मायचा फोन आला. "तो पोलिसवाला तुले मारून राहिला होता अन् तू पडूनच? हात नाही का तुले?"

"माय, ते ठरलेलं राह्यते."

"कोणं ठरवलं?"

"मालकानं."

"मंग मालकाले सांग ना, एखाद्या दिवशी तुह्याकडून त्याले पाडू दे म्हणून. आपण काय फुकट खातो का त्याचं?"

मी म्हटलं, सांगतो.

पोळ्याच्या आसपासची गोष्ट. कुरुक्षेत्राच्या बाजूला एका गावात खेळ होता, पावसानं चादर ओली होती. तोवर मला पडणं जमायला लागलं होतं, दहातून नऊ वेळा. दरोग्यानं मला खांद्यावर घेतलं, गोल फिरवलं आणि सोडलं. आणि हवेत माझं अंग वळलं. वस्ताद, मी नाही वळलो. मला तर सरळ पडायचं होतं. डावा खांदा आणि मानेची बाजू आधी लागली आणि मानेपासून बोटापर्यंत करंट गेला, विहिरीच्या मोटरचा लागते तसा. मग हात होता, पण माझा नव्हता. दरोगा माझ्यावर पडून, पंच तीन मोजेपर्यंत, कानात बोलत होता, "भाई, बोल कुछ. बोल ना." लोक टाळ्या वाजवत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो पाहिला आणि सांगितलं, मानेत नस दबली आहे. आराम करशील तर हात येईल. आणि पुन्हा असाच मानेवर पडशील तर हा हात विसर. मी विचारलं, पाठीवर सरळ पडलो तर. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गिरना ही क्यों है?"  मालकाला मी फक्त आरामाचं सांगितलं. डॉक्टर हात विसर म्हणाला ते फक्त दरोग्याला माहीत होतं, कारण दवाखान्यात तोच आला होता. हात हळूहळू आला, दोन बोटं सोडून. त्या दिवसांत मी एका हातानं नटबोल्ट कसत होतो, पोळ्या करत होतो. घाबरायला पाहिजे होतं, पण भीतीही वाटली नाही आणि वाईटही वाटलं नाही. बोटांचं जे झालं होतं तेच बहुतेक वरपर्यंत गेलं होतं. चहा गरम आहे हे ओठाला लागल्यावर कळायचं, ग्लास धरल्यावर नाही.

तेवढ्यात आपल्या पांढुर्ण्याशेजारच्या सौंसरच्या एका मंडळानं खेळ ठरवला. मालक खूश. मला बोलावून म्हणाला, "तू घर पे हारेगा. घर का लड़का हारे तो पब्लिक का दिल दुखता है, दिल दुखे तो दुबारा आती है." शेवट कसा तेही ठरलं. दरोगा मला डोक्यावर उचलणार आणि पाठीवर टाकणार. म्हणजे आता दोनच गोष्टी होत्या. सरळ पडलो तर हात वाचणार होता. वळलो तर जाणार होता. आणि वळायचं की नाही हे माझ्या हातात नव्हतं.

दरोग्यानं मला शेताकडे नेलं. तिकडे भात कापल्यावर तणसाचे ढीग पडून असतात. त्यावर तो मला रोज टाकायचा. तणसावर मी सरळ पडायचो. शेडमध्ये आलो, फळ्यांचा आवाज कानावर आला की अंग वळायला जायचं आणि तो मला हवेतच पकडायचा. एक दिवस तो दम खात बसला आणि म्हणाला, "तेरा शरीर किसी और की सुनता है."

"वस्ताद की."

"है वो?"

"नहीं. बहुत साल हुए."

तो म्हणाला, "तो भाई, उनको बोल दे. अब छोड़ दें तेरे को."

 गेलेल्या माणसाला काय बोलायचं हे मला तेव्हा सुचलं नाही. दरोग्याच्या मात्र डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटत होतं, माझा हात गेला तर तो त्याच्या हातून जाणार.

खेळाच्या आदल्या दिवशी मी पांढुर्ण्यात उतरलो. आखाड्यावर गेलो. आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे, कलेक्टर आले, पण आखाड्याचा नळ अजून गळून राहिला. हौद बुजवून फरशी बसवली आहे, रबराच्या गाद्या आहेत, लोखंडी मशिनी आहेत. तुमचा फोटो मशिनींच्या वर आहे, हार प्लास्टिकचा. तुमचा सगळ्यात जुना चेला, आमचे दादा, तेच सगळं पाहतात. दिवसभर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आणि सकाळ-संध्याकाळ हे. मला पाहून त्यांनी पहिले विचारलं, "कोणाशी जोड आहे तुही?"

"दरोग्याशी. भारी आहे माझ्याहून."

"मंग उभ्यानं नोको लढू. टांगेले हात घाल."

"दादा, ते सगळं ठरलेलं राह्यते."

"मले माहीत आहे बे. एवढा येडा नाही मी." ते पान्यानं मशीनचा नट कसत होते, कसतच राहिले. "तरी टांगेले हात घाल."

सौंसरच्या ग्राउंडवर माणूस मावत नव्हता. बोरगाव, मोहगाव, कुठून कुठून लोक आले होते. दादा आखाड्याची जुनी माणसं गाडीत घालून आले होते आणि पहिल्या ओळीत बसले होते, दंगलीला बसतात तसे, गुडघ्यावर हात ठेवून. माय बायकांच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. बाजा वाजला, मी खोका घेऊन निघालो आणि संत्री फेकायला लागलो. इथंच पहिली गडबड झाली. मालकानं फळं अंबाल्याहूनच आणली होती, ट्रकमध्ये जागा होती म्हणून. एका म्हाताऱ्यानं झेललं, अंगठ्यानं सोलायला गेला आणि साल निघेना. त्यानं बाजूच्याला दाखवलं. "हे संत्रं नाही ना बे. पंजाबचा किन्नू आहे."

"कोणाले देऊन राहिला रे किन्नू? सौंसरात?"

"घरून तरी आणाचे होते दोन. बगिचा नाही का तुह्या मामाचा?"

हसू लाटेसारखं मागपर्यंत गेलं. मग एकानं किन्नू परत फेकला, मग दुसऱ्यानं, प्रेमानंच, पण एक दरोग्याच्या टोपीला लागला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दरोगा ठरल्याप्रमाणे चिडला, पण त्याला काय चाललं आहे ते कळत नव्हतं. हळूच मला म्हणाला, "ये फल क्यों वापस कर रहे हैं?"

कुस्ती सुरू झाली आणि दादांचा आवाज आला. "टांग! टांग धर त्याची!" जुनी माणसंही सुरू झाली. "ढाक मार. आता. गेली ना बे संधी." मी ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान आपले काम करतात. दरोगा दंडुका फेकून माझ्या अंगावर आला आणि माझा हात आपोआप त्याच्या टांगेला गेला. खरा गेला. त्याचा तोल सुटला, माझा खांदा त्याच्या मांडीखाली होता, अजून अर्धी वीत आणि तो गेला असता. दादा उभे राहिले होते. दरोग्याच्या तोंडावरचं सोंग उतरलं. "क्या कर रहा है भाई," एवढंच तो म्हणाला. मी त्याला सोडलं. मागून कोणीतरी हळहळलं, जिंकलेली कुस्ती सोडली म्हणून, आणि ते बरोबर होतं.

मग शेवट आला. त्यानं मला डोक्यावर उचललं. वरून ग्राउंड दिसत होतं, दिवे दिसत होते, पहिली ओळ दिसत होती. दरोगा खालून म्हणत होता, "सीधा रह भाई. सीधा." मी तुम्हाला बोलणार होतो, दरोग्यानं सांगितलं होतं तसं. छोडो, किंवा वस्ताद आता पुरे, असं काहीतरी. पण त्या वेळी मी बोललो ते तुम्हाला नव्हतं. मी माझ्या पाठीला म्हटलं, जाऊ दे. हनुवटी छातीला लावली. त्यानं सोडलं. माझा उजवा खांदा वळायला निघाला, मला तो कळला, झोपेत पाय झटकतो तसा, आणि मग तो थांबला. कसा थांबला ते मला माहीत नाही. फळ्या वाजल्या. सगळी पाठ एकदम खाली गेली. मी डाव्या हाताची बोटं हलवून पाहिली, तिन्ही हलली, दोन आधीसारखीच. पंचानं तीन थापा मारल्या.

उत्तरेकडे या वेळी लोक ओरडतात. सौंसरला कोणी ओरडलं नाही. एवढं मोठं ग्राउंड आणि जनरेटरचा आवाज ऐकू येत होता. मग पहिल्या ओळीतून एक म्हातारा म्हणाला, "ऊठ बे. झालं आता."

खेळ संपल्यावर दादा कनातीच्या मागे आले. माझा खांदा धरून त्यांनी मला पाठमोरं केलं. आपल्याकडे दंगलीत पंच असंच करतात, चीत झाला की नाही यावर वाद झाला की पाठ पाहतात, दोन्ही खांद्यांना माती लागली का. दादांनी दिव्याकडे करून माझी पाठ नीट पाहिली, तळवा फिरवला. "मातीच नाही लागली," म्हणाले. "मंग हारला कसं म्हणाचं?" बाजूला उभ्या दोघा म्हाताऱ्यांनी मान हलवली. एक म्हणाला, "चादरीवर तं लागणारच नाही." दुसरा म्हणाला, "तेच तं म्हणून राहिले ते." त्यांचा यावर वाद सुरू झाला. मला हसू यायला पाहिजे होतं, किंवा रडू. मी दादांच्या पाया पडलो, तेवढं अंगाला माहीत होतं.

दरोगा माझा डावा हात धरून एकेक बोट दाबून पाहत होता. माय आली आणि त्याला म्हणाली, "तू मारला ना माह्या पोराले?" त्याला मराठी कळलं नाही, त्यानं वाकून नमस्कार केला. मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाली, "लागलं?"

"नाही."

"मी डोळे मिटून होती."

"मंग आली काऊन एवढ्या दूर?"

"येऊ नोको का? पोरगं कामाले जाते तं माय पाहाले नाही येत का." तिनं पिशवीतून डबा काढून दरोग्याच्या हातात दिला, माझ्या नाही.

आता पुन्हा अंबाला. थंडी आहे, शेडचं टिन सकाळी ओलं असते. बोटं तशीच आहेत, डॉक्टरकडे मी परत गेलो नाही. काल मालकानं विचारलं, नव्या वर्षी भोपाळला मोठा खेळ आहे, तिथं तुला जिंकवू का, लोक तुला ओळखायला लागले आहेत. मी सांगितलं, नको, मी हारतो. तो म्हणाला, "तेरी मर्जी." मायला हे सांगितलं नाही. दादांनाही नाही. हे लिहिलेलं मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुमच्याकडे पाठवायचा पत्ता तर कोणाकडेच नसतो, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो.

पडल्यावर तीन थापांपर्यंत हलायचं नसते, तसा नियम आहे. पाठ खाली, दोन्ही हात पसरलेले, वर दिवा. घरून निघाल्यापासून मी कुठं एका जागी राहिलो असेन तर तिथंच. तेवढ्या वेळात मला कुठं जावंसं वाटत नाही. पंच हळू मोजणारा असला, की मला बरं वाटते.